लाकडी नाकाचं विमान

रिक्षातून उतरल्यावर हेमांगीला आधी वाटलं, आपण भलत्याच फाटकाशी आलो. बेटेगावजवळची तंत्रशाळा हीच, पिंपळही तोच. पण पिंपळाशेजारचा सिमेंटचा चौथरा मोकळा होता. त्यावर दोन कुत्री ऊन खात पडली होती.

"इथलं विमान कुठाय?" तिने वॉचमनला विचारलं.

"वो? वो तो भंगारवाला ले गया, मॅडम. बोईसर का धर्मेशभाई. क्रेन लेके आया था, दिवाली के पहले."

हेमांगी चौथऱ्याच्या कडेवर बसली. कुत्र्यांनी जरा सरकून तिला जागा दिली.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात तिचे वडील, अप्पा, गेले. हॉस्पिटलात त्यांनी तिला घराचं काही सांगितलं नाही, चिकूच्या वाडीचं नाही. "विमानाचं नाक सडतंय. पावसाळा संपला की जाऊन बघ," एवढंच म्हणाले. ती "बघते" म्हणाली. पावसाळा संपला, दिवाळीही झाली. पालघरला कॉलेजच्या लायब्ररीतल्या कामावरून सुटल्यावर तिने कितीदा बेटेगावला जायचं ठरवलं, आणि प्रत्येक वेळी घरची वाट धरली. अप्पांशिवायचं ते विमान तिला बघवणार नव्हतं.

अप्पा, म्हणजे बळवंत पाटील, तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट लढाऊ विमान व्हॅम्पायर. त्यांच्या हाताखाली आली ती त्यातली शेवटची, म्हातारी विमानं. पुढे त्यांनी तारापूरच्या कारखान्यात नोकरी धरली, आणि हेमांगी सातवीत असताना असंच एक निवृत्त विमान तंत्रशाळेच्या चौथऱ्यावर येऊन बसलं. त्या दिवसापासून अप्पांचा रविवार घरचा राहिला नाही. खारा वारा पत्रा खातो म्हणून ते गोड्या पाण्याने त्याला आंघोळ घालत. देशात अशी मोजकीच उरलीत, कुठे संग्रहालयात, कुठे हवाई दलाच्या फाटकाशी, हे ते ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. हेमांगीच्या आईला, माईला, दिल्लीला नेलं तेव्हा कुतुबमिनार राहिला आणि विमानं बघून झाली.

आलेल्या प्रत्येकाला ते आधी पंखावर टिचकी मारायला लावत, मग नाकावर. पंख वाजे पत्र्यासारखा, नाक वाजे दारासारखं. पुढचा सगळा भाग लाकडाचा. दोन पातळ प्लायवूडच्या मध्ये हलकं लाकूड. लोक चकित झाले की अप्पा आपणच बनवल्यासारखे खूश होत. जानेवारीत त्यांनी हेमांगीलाही टिचकी मारायला लावली होती. नाक वाजलंच नाही. ओल्या पुठ्ठ्यावर बोट पडावं तसं झालं.

ती उठली आणि तशीच बोईसरला गेली.

धर्मेशच्या यार्डात गॅसकटर फुरफुरत होता. ती आवाजाच्या दिशेने जवळजवळ धावलीच. कापत होते ती एक जुनी पाण्याची टाकी.

"अरे, अप्पांची हेमांगीबेन!" धर्मेश खुर्चीतून उठला. "पाणी पिऊन घ्या आधी. तोंड बघा केवढंसं झालंय."

"कापलं का?"

"काय?"

"विमान."

धर्मेशने कोपऱ्यातली निळी ताडपत्री ओढली. खाली जुन्या टायरांवर दोन्ही पंख आणि शेपटी नीट निजवून ठेवलेली होती.

"कापलं असतं तर अप्पा रात्री येऊन माझ्या उरावर बसले असते. आणि नावपण कसलं, व्हॅम्पायर! पहिल्यांदा त्यांनी लाकडाचं आहे म्हणून सांगितलं ना, मला वाटलं म्हातारा सटकला. लोहचुंबक लावून बघितलं मी."

"पण वॉचमन म्हणाला, भंगारवाल्याने नेलं."

"माझी क्रेन, माझा ट्रक. म्हणजे झालं भंगार! डॉक्टर मयताला गेला तर काय त्यानेच मारला? उतरवायचं आणि ठेवायचं, एवढं माझं काम. अप्पाच ठरवून गेलेत. डोकं मुरब्याला आहे, होड्यांचा सुतार अंकुश तांडेल, त्याच्याकडे. जा, बघा."

मुरब्याला खाडीच्या काठी अंकुश सुताराची शेड होती. दुरुस्तीला ओढलेल्या दोन होड्या, आणि त्यांच्या मधोमध, टोकदार नाळ पुढे काढून तिसरी होडी असावी तसं विमानाचं नाक. कोणीतरी त्याला हळद-कुंकूही लावलं होतं.

"आली का बाय?" अंकुश रंधा खाली न ठेवताच म्हणाला. "मला वाटला, इमान उडून जाईल तवा येशील."

"अंकुशमामा, मला कोणी सांगितलंच नाही."

"तुज्या बापानी सांगितला मला. हिवाळ्यात आलता. म्हनला, पाऊस गेल्यावर उतरव, लाकूड सुकव, मंग हात लाव. मी म्हनला, आमी होड्या करतो, इमान नाय. तर म्हनतो, पान्यात बुडू नये तशी कर, उडायचा मी बघतो." अंकुश हसला आणि रंध्यात अडकलेल्या ढलप्या त्याने झटकल्या. "सडका सगला काढलाय. नवीन घातलाय. शाळेची पोरा येतात घासायला."

हेमांगी पुढे झाली. तिने बोट वाकवलं आणि टिचकी मारली.

टक.

दारावर कोणी यावं तसा स्वच्छ, कोरडा आवाज. ती दुसऱ्यांदा वाजवायला गेली.

"अगो, रंग वला हाय!"

बोटाला लागलेला करडा रंग तसाच ठेवून तिने दुसऱ्या हाताने फोन लावला.

"माई, विमान आहे. कापलं नाही. मुरब्याला आहे, अंकुशमामांकडे."

"मग कुठे असणार?" पलीकडून माई म्हणाली. "गणपतीत येऊन, चहा पिऊन, मला विचारून तर गेला तो."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तू विषय काढत नव्हतीस. म्हटलं, पोरीला त्रास होतोय, कशाला काढा."

"मला वाटायचं तुला त्रास होतोय."

हेमांगीला हसू फुटलं. ते आवरेपर्यंत डोळे भरून आले. अंकुशने तिच्याकडे पाठ केली आणि पुन्हा रंधा मारायला घेतला.

"हेमा," माई जरा वेळाने म्हणाली, "मुरब्यालाच आहेस तर बाजारात ओले बोंबील बघ. चांगले असले तर आण."

शिमग्यापासून त्या घरात मासळी शिजली नव्हती.

"आणते," हेमांगी म्हणाली. "येतेच मी."