मार्लिसचं तिसरं कडवं

गाणं पुन्हा त्याच जागी तुटलं. तिसऱ्या कडव्याला मार्लिसचा आवाज जिथे चढायचा, तिथून पुढे नुसती खरखर.

"आणखी जुनी प्रत बघ ना," चर्चची कारकून वर्डेल म्हणाली. "दर रविवारची ठेवतोस म्हणून मिरवत असतोस की."

"तेच बघतोय," अर्विद म्हणाला.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अर्विद टॉलेफसन चर्चचा कॉम्प्युटर सांभाळत होता. पगार नाही, कॉफी मिळायची आणि चुकलं की बोलणी. गेल्या आठवड्यात तो कॉम्प्युटर कायमचा बसला, तरी अर्विद निर्धास्त होता. बॅकअपच्या डिस्कवर प्रत्येक रविवारचा सगळा पसारा तारीखवार दिसायचा. मध्ये एकदा त्याने गाण्यांचं फोल्डर नव्या नावाखाली हलवलं, तेव्हा एवढं मोठं काम बॅकअपने चुटकीसरशी उरकलं होतं. जुन्या तारखांत गाणी जुन्या नावाखाली, नव्या तारखांत नव्या. म्हणजे ती दोनदा ठेवली गेली, असं तो धरून चालला होता.

त्याने जुन्या नावाचं फोल्डर उघडलं. मग त्याच्याही आधीच्या तारखेचं. त्याच शब्दाला तीच खरखर.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. गाणं पुन्हा उतरवून घेतलंच गेलं नव्हतं. हे आपल्याकडे आहे, एवढं ओळखून बॅकअपने फक्त नवा पत्ता टिपून ठेवला होता. डिस्कचा तेवढा तुकडा खराब झाला आणि गाणं सगळ्या तारखांतून एकदम गेलं. "भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला," तो पुटपुटला.

"म्हणजे रे काय?" वर्डेलने विचारलं.

"घर एकच होतं गं. आपण दारावरच्या पाट्या मोजत बसलो."

"हार्लनकडे सीडी असेल की."

"ती मीच टाकून द्यायला लावली. चरे पडलेत, आमच्याकडे ढीगभर प्रती आहेत म्हणालो."

वर्डेल एरवी तोंडाची फटकळ. आज तिने नुसता कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला, आणि अर्विदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हार्लन ब्रेके मार्लिसचा नवरा. चर्चमध्ये ती उभी राहून गायची आणि गाणं संपलं की त्याच्या शेजारी येऊन बसायची. ती गेल्याला चार हिवाळे झाले, पण तिचा आवाज ऐकायचा धीर त्याला झाला नव्हता. आज त्यांच्या लग्नाचा वाढदिवस, आणि आज पहिल्यांदा त्याने स्वतःहून ते गाणं मागितलं होतं.

उरलेलं गाणं फोनवर घेऊन अर्विद बर्फ तुडवत त्याच्या दारात गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. "माती खाल्ली मी, हार्लन."

"आधी दार लाव. सगळी ऊब बाहेर चाललीये." हार्लन काठी टेकत खुर्चीत बसला. "उरलंय किती?"

"दोन कडवी. आणि तिसऱ्याची सुरुवात."

"मग लाव की."

मार्लिस गायली. स्वयंपाकघरात तिचा आवाज भरून राहिला. खरखर सुरू होताच अर्विदने घाईने बटण दाबलं. "मला माफ..."

हार्लनने हात वर करून त्याला गप्प केलं. त्याची नजर टेबलावर होती, दोन बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. बाहेरून बर्फ काढणारी गाडी गेली. बोटं हलतच होती. शेवटी ती सावकाश झाली आणि थांबली.

"आता बसली ती खाली," हार्लन म्हणाला, आणि डोळे पुसून कॉफी ओतायला उठला.