मशीन मोकळं होईपर्यंत

विकत घेणाऱ्याने आतल्या खोलीतलं मशीन पुढे ओढलं आणि मागचे स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले. आपलाही काही उपयोग व्हावा म्हणून मीच हात पुढे केला होता.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना रुग्णाच्या हाडाचा नमुना संगणकावर करून द्यायचा, हा माझ्या मुलाचा आणि लेकीचा धंदा. त्याची किचकट गणितं आजवर या मशीनवर होत. आजपासून ती दूरच्या कंपनीच्या, भाड्याच्या मशीनवर होणार होती.

"हत्ती पोसायचे दिवस गेले, बाबा," मुलगा म्हणाला. "लागेल तेवढं वापरायचं, तेवढ्याचं भाडं द्यायचं."

बाहेरच्या टेबलावरून लेक म्हणाली, "दादा, जबडा अडकला."

"म्हणजे?"

"अर्ध्यावर आला होता. त्यांनी मशीन काढून घेतलं."

मुलगा तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याने स्वस्तातला करार केला होता. कुणी जास्त भाडं दिलं, की मशीन त्याचं.

"मग महागातलं घे."

"मागितलं. संध्याकाळपर्यंत एकही मोकळं नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "सूज वाढतेय, थांबता येणार नाही. नमुना बघितल्याशिवाय जबड्याला बसवायची पट्टी कशी वाकवू?"

"पाठवते," लेक म्हणाली. फोन ठेवून ती सरळ विकत घेणाऱ्याकडे वळली. "भाऊ, मशीन परत जोडा. अर्धं झालेलं काम माझ्याकडे आहे."

"ताई, सही झालीय. आता ते माझं आहे."

"मग भाड्याने द्या."

त्याने मुलाकडे पाहिलं. "काय साहेब, हत्ती हवाय भाड्याने?"

"हवाय," मुलगा खाली बघत म्हणाला.

मी मूठ उघडली. स्क्रू घामाने ओले झाले होते.

"राहू द्या, बाबा. परत काढायचेच आहेत," म्हणत विकत घेणाऱ्याने प्लग लावला. पंखे घोंघावू लागले.

पडद्यावर जबड्याची कड उमटली, मग दात. विकत घेणाऱ्याचा फोन थरथरला. त्याने वाचलं.

"दुसरं गिऱ्हाईक. त्याला आत्ताच हवंय. जास्त देतोय."

मुलगा सरकत प्लगसमोर आडवा उभा राहिला. मी स्क्रू पुन्हा मुठीत आवळले.

विकत घेणाऱ्याचा फोन वाजू लागला. त्याने तो मशीनच्या पत्र्यावर पालथा ठेवला. पत्रा खडखडत राहिला, थांबला, पुन्हा खडखडला. तो खुर्ची ओढून बसला आणि पडद्याकडे बघू लागला.

शेवटी हाडातली फट दिसली. लेकीने नमुना पाठवला, तरी माउसवरचा हात काढला नाही. मग डॉक्टरांचा निरोप आला: मिळाला, रुग्णाला आत घेतोय.

विकत घेणाऱ्याने फोन उचलला. "हं, बोला. आता मोकळं झालंय."

मुलगा प्लगपासून बाजूला झाला.