गेरू खोटं बोलत नाही

नवागामच्या गल्लीत शालिग्रामची जुनी व्हॅन चार दिवस रुसून बसली होती. क्लचचं पेडल दाबलं की थेट तळाला जायचं आणि गिअर काही पडायचा नाही. क्लचच्या डबीत ब्रेक ऑइल भरावं, तर सकाळपर्यंत सगळं गिअरबॉक्सखाली. थेंब तिथे पडतो म्हणून मनसुखभाई मिस्त्रीने क्लचचा खालचा सिलिंडर नवा बसवला, तरी गळती हटेना.

शालिग्रामची बायको शोभाबाई ओट्याला गेरू लावता लावता हे सगळं बघत होती. शेवटी कोरड्या गेरूची वाटी घेऊन ती उठली.

"तुले काय समजस त्यामा?" शालिग्राम वैतागला.

"गाडी नाही समजत. गेरू समजतो."

तिने पुढचं झाकण उघडायला लावलं, क्लचची नळी फडक्याने कोरडी पुसली आणि वरपासून खालपर्यंत गेरू भुरभुरला. "आता दाबा पेडल."

चार वेळा दाबल्यावर अगदी वरच्या जोडापाशी गेरू काळपट पडला. तेल तिथून सुटत होतं आणि नळीच्या पाठीवरून ओघळत खाली येऊन टपकत होतं.

मनसुखभाईने येऊन जोड बदलला, नळीतली हवा काढली, आणि गिअर लोण्यासारखा पडला.

"कोणे शोध्युं?" त्याने आपल्या गुजरातीत विचारलं.

"ह्या मिस्तरनीने," शालिग्राम छाती काढून म्हणाला, जणू गेरू त्यानेच लावला होता.

मनसुखभाईने चिमूटभर गेरू कागदात बांधून पेटीत टाकला. शोभाबाईने अख्खी वाटीच पुढे केली.

"न्या. पण आधी नळी पुसा. न पुसता लावलात, तर दोष गेरूला देऊ नका."