कमळाबाईंची तब्येत

मयुरीने फोन स्पीकरवर टाकला, सासूबाईंच्या तोंडासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या लेकीच्या मुठीतून चार्जरची वायर सोडवली. विमा कंपनीतली मुलगी अदबीने विचारत होती, आजी, तुम्हाला काही आजार आहे का? उत्तर खरं तेच द्यायचं होतं : काही नाही. मयुरीने सकाळीच तसं बजावून ठेवलं होतं.

“काय सांगू बापा,” कमळाबाई कण्हल्या. “गुडघे गेले. दम भरते. झोप नाई. अन्न तर जातच नाई.”

ही बाई तासाभरापूर्वी तुरीचा भारा डोक्यावर घेऊन शेतातून आली होती आणि आल्या आल्या भाकरींचा फडशा पाडून बसली होती.

मयुरीचा नवरा निकेश ज्या सिमेंट कंपनीत कामाला होता, तिने यंदा कामगारांच्या विम्यातून आईबाप वगळले. आईची वेगळी पॉलिसी काढायची, तर हप्ता ऐकूनच निकेशने पंखा बंद केला होता. त्यात आजार निघाला तर हप्ता आणखी वाढणार, नाहीतर पॉलिसीच नाही. शेजारच्या पत्रूभाऊंना छातीच्या दुखण्यासाठी नागपूरला नेलं; माणूस परत आला, ट्रॅक्टर दवाखान्यातच राहिला, असं गडचांदूरपर्यंत लोक म्हणत. तो ट्रॅक्टर मयुरीच्या डोळ्यांसमोरून हटत नव्हता.

“आई, असं काऊन सांगितलं?” फोन ठेवताच मयुरीने विचारलं.

“ना ओळखीची ना पाळखीची पोरगी. तिले धडधाकट हाय म्हणून सांगू? नजर नाई लागणार?”

मयुरीला हे आधीच सुचायला हवं होतं. लेकीच्या गुबगुबीत गालांचं कुणी कौतुक केलं की कमळाबाई लगेच, पोरगी वाळून चालली, अंगीच लागत नाई, असं म्हणत. ऐकणाऱ्या बायाही मान हलवून हळहळत. बारशालाही असंच झालं होतं, आणि बीएस्सी झालेली मयुरी चारचौघांत लाजेने लाल झाली होती.

विमा कंपनीने तपासणी सांगितली. चंद्रपूरच्या तपासणी सेंटरमध्ये कमळाबाईंनी नऊवारी खोचली आणि त्या चालत्या पट्ट्यावर चढल्या. लेक काचेला नाक लावून आजीकडे बघत होती आणि मयुरी नखं खात होती. पट्ट्याचा वेग वाढला. कमळाबाईंचा पदर जागचा हलला नाही.

“एवढं चालून इथीच हावो का आपण?” त्यांनी वळून विचारलं. नर्सला हसू आवरेना.

रिपोर्ट बघून डॉक्टर बाहेर आले आणि भरल्या बाकड्यांसमोर मोठ्याने म्हणाले की आजीचं हृदय पंचविशीतल्या पोरीसारखं आहे, साखर नाही, बीपी नाही, कंपनीला हप्ता वाढवायला जागाच नाही. बाकड्यांवरच्या सगळ्या माना वळल्या. मयुरीला हायसं वाटलं, आणि लगेच त्या सगळ्या नजरांनी तिला कसलीतरी नवी हुरहुर लावली. तिने लेकीला कडेवर घेतलं, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच ऑटोत बसवलं.

बसस्टँडवर गावच्या सोनीबाई भेटल्या. त्यांनी आधी कमळाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग मयुरीला विचारलं,

“काय म्हणलं वं डॉक्टर?”

रिपोर्टची पिशवी मयुरीच्या खांद्याला होती. कमळाबाई दुसरीकडेच बघत होत्या, पण कान इकडे होता. मयुरीने पिशवी काखेत घट्ट दाबली.

“काय म्हणणार, बाई,” ती सुस्कारा टाकून म्हणाली. “गुडघे पार गेले. अन् ही पोरगी पाहा ना, कशी वाळली.”

सोनीबाई हळहळल्या. कमळाबाई समाधानाने कण्हल्या. तेवढ्यात कोरपन्याची बस लागली, आणि गर्दीला कोपराने बाजूला सारत सगळ्यांच्या आधी वर चढून कमळाबाईंनी खिडकीच्या दोन जागा धरल्या.