थॉर्नबेकच्या सहा घंटा

थॉर्नबेकच्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा सहा होत्या आणि वाजवणारी माणसं उरली होती चार. ऑड्री पिंचबेकला दुसरा कुठलाच घोर नव्हता. अकरा नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध थांबून शंभर वर्षं होणार होती, दुपारी साडेबाराला देशभरातल्या घंटा वाजायच्या होत्या, आणि ऑक्टोबर अर्धा सरला तरी तिच्या मनोऱ्यात दोन दोर रिकामे लोंबत होते.

दुसऱ्या एखाद्या गावाने चार घंटांवर भागवलं असतं. थॉर्नबेकला ते जमणारं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी युद्ध थांबल्याची खबर आली तेव्हा इथे तीनच घंटा वाजल्या होत्या, कारण बाकीच्या तीन घंटांचे वाजवणारे फ्रान्सच्या मातीत राहिले होते. त्यांची नावं मनोऱ्यातल्या लाकडी फळीवर आहेत. त्यात एक पिंचबेक आहे, एक स्केलटन आहे. ऑड्री अठरा वर्षं मनोऱ्याची प्रमुख होती, त्याआधी गावच्या शाळेत बालवर्गाची बाई. यंदा सहाच्या सहा वाजल्या नाहीत तर त्या फळीखाली उभं राहायची आपली लायकी नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

दोन दोर रिकामे कसे झाले हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताचा निकाल लागला त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता नेव्हिल स्केलटन मनोऱ्यात शिरला आणि युरोपातून सुटलो या आनंदात अर्धा तास एकटाच थोरली घंटा वाजवत राहिला. हा बटाट्याची शेती करणारा धिप्पाड गडी, चाळीस वर्षं त्याच घंटेवर. ऑड्रीने राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं, आणि त्या सकाळी ती स्वयंपाकघरात रडत बसली होती. मनोऱ्यातल्या घंटा राजकारणासाठी वाजवायच्या नाहीत असा जुना नियम आहे. तिने तो नियम पुढे केला, दुपारपर्यंत कुलूप बदललं आणि नव्या किल्ल्या चौघांनाच वाटल्या. रविवारी नेव्हिल आला, दार उघडेना, काय ते समजला आणि मागे फिरला. त्याच्याबरोबर त्याची मुलगी फिलिपाही गेली, तीही वाजवणारीच.

तेव्हापासून दोघांपैकी एक दिसला की दुसरा रस्ता ओलांडायचा. मनोऱ्यात उरले ऑड्री, पोस्टमन, गुरांच्या डॉक्टरची बायको आणि डानुटा. डानुटा पोलंडहून बटाटे निवडायला आली ती इथलीच होऊन गेली. सार्वमतात तिला मताचा हक्कच नव्हता, म्हणून दोन्हीकडचे लोक आपलं गाऱ्हाणं तिच्याच डोक्यावर घालायचे, आणि ती बिचारी मान डोलवून आपल्या दोराशी उभी राहायची.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी खासदार जाइल्स हॅव्हरस्टॉक गावच्या हॉलमध्ये लोकांना भेटायला आले. चहाचा बंब उकळत होता, मनुकांच्या गोड पावाला, प्लम ब्रेडला, लोणी लागलं होतं आणि कोणी न सांगताच युरोपातून बाहेर पडायच्या मताचे पियानोच्या बाजूला, राहायच्या मताचे स्वयंपाकघराच्या बाजूला बसले होते. मधली वाट चांगली गाडी जाईल एवढी रुंद. पाद्रीबाईंनी सुरुवात घंटांपासून केली. अकरा तारखेला दोन माणसं कमी पडताहेत, काय करावं, असं त्यांनी गावाला विचारलं होतं. उत्तर द्यायला खासदार पुढे सरसावले.

"एवढंच ना?" हॅव्हरस्टॉक म्हणाले. "रेकॉर्ड केलेल्या घंटा मिळतात. मनोऱ्यावर चांगले स्पीकर लावून देतो. मी स्वतः आत एक दोर धरून उभा राहतो, फोटोपुरता. बाहेर उभ्या माणसाला फरकही कळणार नाही."

ऑड्रीच्या कानशिलात आग पेटली. पलीकडे पियानोजवळ नेव्हिलची मान लाल झालेली तिला दिसली, आणि तिला दिसलं याचाच तिला राग आला. पण तेवढ्यात कोणीतरी युरोपचा विषय काढला आणि घंटा बाजूला राहिल्या. मग काय, दोन वर्षं दुकानात, दवाखान्यात, दफनाच्या वेळीसुद्धा गिळलेलं सगळं बाहेर आलं. तुम्ही नातवंडांचं वाटोळं केलंत, असं इकडून आलं. तुम्ही लंडनवाल्यांचे पाय चाटता, असं तिकडून गेलं. खासदार दोन्हीकडे आळीपाळीने मान हलवत होते.

मग नेव्हिल उठला. त्याच्या हातात घडी घातलेलं जाड, साईच्या रंगाचं पत्र होतं.

"भांडता कशाला?" तो म्हणाला. "साहेबांनी मला लिहून दिलंय. पुरतं बाहेर पडायचं, युरोपचा एकही नियम आपल्या मानेवर ठेवायचा नाही. शब्दाचा माणूस आहे." आणि त्याने ऑड्रीकडे असं पाहिलं की जणू आताच तिचं कुलूप तोडलं.

ऑड्री सात महिने तसंच एक पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होती. मन फार खचलं की काढून वाचायची. आपलं ऐकणारा एक तरी माणूस वर आहे, एवढा तिला आधार होता. ते काढून ती उभी राहिली.

"मग मला काय लिहून दिलंय?" तिने विचारलं. "युरोपशी नातं आहे तेवढंच घट्ट राहील, तुमच्या आयुष्यात काडीचा फरक पडणार नाही. नऊ मार्च."

नेव्हिलने आपल्या पत्राच्या डोक्याकडे पाहिलं.

"माझ्यावरही नऊ मार्च आहे," तो म्हणाला.

आणि तो चालत मधल्या वाटेत आला. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं हाताच्या अंतरावर उभी होती. त्याने आपलं पत्र तिला दिलं, तिने आपलं त्याला, आणि आधी त्याने तिचं, मग तिने त्याचं मोठ्याने वाचलं. पहिला परिच्छेद दोन्हींत एकच होता. तुमचं पत्र वाचून मी अंतर्मुख झालो, तुमच्यासारख्या सुजाण मतदारांमुळेच मला बळ मिळतं. पुढचा मजकूर मात्र एकमेकाच्या थेट उरावर बसणारा. सही निळ्या शाईत, दोन्हीवर तीच.

"साहेब," मागून गुरांचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला जुळा भाऊ आहे का?"

हसू कुठल्या बाजूने सुरू झालं ते कोणाला सांगता येणार नाही. पियानोकडचे हसले, स्वयंपाकघराकडचे हसले, चहा ओतणाऱ्या बायका कपाट धरून हसल्या. खासदार म्हणाले की दोन्ही पत्रांचा भावार्थ एकच आहे, आणि त्यावर हॉल आणखीच हसला. ऑड्रीही हसली, पण आतून तिला फसल्यासारखं वाटत होतं. नेव्हिलच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं. खासदार दुसऱ्या सभेची वेळ झाली म्हणून प्लम ब्रेड न खाताच गेले, आणि नेव्हिल तिचं पत्र खिशात घालून निघून गेला. पत्रं अदलाबदलीच राहिली.

सोमवारी सकाळी ऑड्री सायकलवरून स्केलटनांच्या शेतावर गेली. नेव्हिल आणि फिलिपा शेडमध्ये बटाटे निवडत होती. तिने दोन नव्या किल्ल्या क्रेटच्या काठावर ठेवल्या. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"नियमासाठी कुलूप बदललं असं मी गावभर सांगितलं," ती म्हणाली. "ते खोटं होतं. मी हरले होते आणि तू वाजवत होतास, ते मला सहन झालं नाही. राणीच्या समारंभाला तू बियर पिऊन वाजवलंस तेव्हा कुठे बदललं होतं?"

नेव्हिलने एक हिरवा बटाटा काढून बाजूला टाकला.

"वाजवायला नको होतं मी, ते मलाही कळतं," तो म्हणाला. "पण तू येऊन चार शिव्या द्यायच्यास. चाळीस वर्षं, ऑड्री. किल्ली फिरेना तेव्हा मला वाटलं किल्लीच वाकली. तीनदा पुसून लावली मी."

ते तीनदा पुसणं डोळ्यांपुढे आलं आणि ऑड्रीला रडू फुटलं. तिला फार लाज वाटली, आणि ती लाज तिने लपवलीही नाही. फिलिपाने शेडमधलं यंत्र बंद केलं.

"माझं मत मात्र बदलणार नाही," नेव्हिल म्हणाला.

"माझं तरी कुठे बदलतंय?"

"मग ठीक आहे." त्याने हात पँटला पुसले आणि किल्ल्या उचलल्या. "फिलिपाच्या हाताची सवय सुटलीय. रोज सराव घ्यावा लागेल."

रोज संध्याकाळी सहा वाजता सहा माणसं गोल उभी राहू लागली. सहा घंटांचे सातशे वीस क्रम होतात. ते सगळे वाजवायचे, एकही दोनदा येऊ द्यायचा नाही, आणि कागद समोर ठेवायचा नाही. आपल्या आधी कोणाचा दोर खाली येतो एवढ्यावर नजर ठेवायची. नजर हलली की सगळं कोसळतं. पहिल्या आठवड्यात ते नऊ वेळा कोसळलं. दुसऱ्यात पोस्टमन आणि डॉक्टरीणबाई मासेमारीच्या हक्कांवरून इतके भांडले की डानुटाने पोलिश भाषेत दोघांना झापलं. काय म्हणाली ते कोणाला कळलं नाही, पण पुढचे दोनशे क्रम स्वच्छ गेले. शेवटच्या शुक्रवारपर्यंत पूर्ण सातशे वीस मात्र एकदाही झाले नव्हते.

अकरा तारखेला सकाळची प्रार्थना झाली, खसखशीच्या लाल फुलांच्या माळा युद्धस्मारकाला वाहिल्या, सकाळी शोकासाठी आवाज दबवायला घंटांच्या लोलकांना बांधलेले चामड्याचे तुकडे नेव्हिलने वर चढून सोडले. साडेबाराला ऑड्रीने दार आतून लावलं, दोर धरला आणि पहिली घंटा सुटली. दोन वर्षांनी थॉर्नबेकवर सहा घंटांचा आवाज पडला. चौकात माणसं बोलायची थांबली.

सहाशेच्या पुढे गेल्यावर ऑड्रीची नजर फळीवर गेली. क्षणभर, जास्त नाही. खाली पाहिलं तर कोणाच्या मागे आपण आहोत हेच तिला कळेना. सगळ्यांना क्रम सांगणारी तीच, आणि तिच्या हातातला दोर तिला परका झाला. आता पडणार, हे सगळं माझ्यामुळे पडणार, एवढंच तिच्या मनात होतं.

"फिलिपाच्या मागे," थोरल्या घंटेवरून नेव्हिल म्हणाला. "मग माझ्या."

तिला स्वतःला तसं वाटत नव्हतं. आपण डानुटाच्या मागे असू असं वाटत होतं. पण तिने विचार केला नाही. फिलिपाचा दोर खाली आला, तिने आपला ओढला. मग नेव्हिलचा आला, तिने ओढला, आणि गाठ सुटावी तसं सगळं तिला पुन्हा दिसायला लागलं. पुढचे शंभर क्रम तिने हसत वाजवले. सातशे वीस पुरे झाले, घंटा धाकटीपासून थोरलीपर्यंत अशा ओळीत परत आल्या.

"झालं," तिने सांगितलं. "उभ्या करा."

सहाही घंटा तोंड वर करून एकदम थांबल्या. कोणी टाळी वाजवली नाही, मनोऱ्यात वाजवत नाहीत. पोस्टमन नाक शिंकरत होता. नेव्हिल येऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि तिने त्या एवढ्या मोठ्या माणसाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

जिना उतरून ती दोघं दाराशी आली तर बाहेर चर्चच्या फाटकाशी माइक लागला होता. मनोऱ्यासाठी मागवलेले स्पीकर आलेच होते तर वाया कशाला घालवायचे, असा विचार हॅव्हरस्टॉकांनी केला असावा. समोर फोटोवाले होते, दोन्ही बाजूंचा सगळा गाव होता.

"आज या गावाने मतभेद विसरून माझ्या आवाहनाला..." खासदार सांगत होते.

"कुठलं आवाहन?" नेव्हिलने विचारलं.

ऑड्रीने पाद्रीबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि अगदी हळू होकाराची मान हलवली.

"घंटा वर उभ्याच आहेत," ऑड्री म्हणाली. "दोनशे?"

"सातशे वीस," नेव्हिल म्हणाला.

मागून उतरणाऱ्या चौघांनी एवढं ऐकलं आणि तिथूनच वळून वर धावले. अडुसष्ट वर्षांची ऑड्री दोन-दोन पायऱ्या चढली. दार आतून लागलं, सहा जणांचे हात दोरांवर गेले, आणि तिने पहिली घंटा सुटू दिली.

मनोऱ्याला एक अरुंद खिडकी आहे. दोर ओढताना तिला तिथून फाटक दिसत होतं. हॅव्हरस्टॉकांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, त्यांनी एक बोट वर केलं, मग माइक जवळ ओढला, मग कागद बदलला. समोरचा गाव त्यांच्याकडे पाठ करून, माना वर करून मनोऱ्याकडे बघत होता आणि हसत होता. पंचवीस मिनिटं थॉर्नबेकमध्ये सहा घंटांखेरीज कोणाचंच काही ऐकू आलं नाही.