रिक्षा उभी शे

फुप्फुस फोटोत काळं दिसलं तर चांगलं. पांढरं दिसलं की वाईट.

केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

आमेन.

धुळ्यात मे महिन्यात लोक खिडक्या लावून घेतात. झळा लागतात.

उंबऱ्यावर ठेवलेला डबा. झाकणावर मुंग्या.

विमानात खिडकीजवळची जागा मिळेल का, हे रूपाने आधीच विचारून ठेवलं होतं.

*

आता नीट सांगायचं तर झालं असं.

रूपा भुसावळची, आई केळीच्या बागेत मजुरीला. नर्सिंग शिकली, धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात लागली, आणि या उन्हाळ्यात परदेशातल्या मोठ्या इस्पितळात तिची निवड झाली. उरली एकच पायरी: पुढच्या आठवड्यात मुंबईत छातीचा फोटो. तो साफ आला की पोरगी सुटली. देवपूरच्या चर्चच्या मंडळीत एवढी मजल आजवर कुणी मारली नव्हती. म्हणून रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं, यश यालाच म्हणतात असं सगळ्यांना सांगितलं, हार घातला आणि प्रार्थना करायला लावली. रूपाने डोळे मिटले आणि सगळे म्हणतात तेच म्हटलं. प्रभू, जिथं गरज असेल तिथं मला पाठव.

सगळे आमेन म्हणाले. मागच्या बाकावरून तोताराम आबांचं आमेन जरा उशिरा आलं, आणि जरा जोरात.

आबा मंडळीत नवे. फुटाण्याची गाडी लावत. प्रार्थनेत माणूस जे बोलतो ते सोमवारी कुणी धरून बसत नाही, हे त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी दुपारी रूपाची ड्यूटी सुटली, तर दवाखान्याच्या फाटकाशी आबा उभे.

"चाल बहीन," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "रिक्षा उभी शे."

"कुठं, आबा?"

"काल तू बोलनी ना. गरज मन्हा घर शे."

आबांचं घर सगळ्या मंडळीला माहीत होतं. त्यांची बायको ताईबाई, तिला टीबी. तोही साध्या गोळ्यांना न जुमानणारा. महिला मंडळाच्या बाया डबा उंबऱ्यावर ठेवत, अंगणात उभ्या राहून गाणं म्हणत आणि परत फिरत. रूपाही एकदा गेली होती. सगळ्यांच्या मागे, तोंड बांधून.

तिने कारणं सांगितली. बॅग भरायची आहे, आईला भेटायला भुसावळला जायचंय, उद्या बघू. आबा मान हलवत सगळं ऐकत राहिले, पण रिक्षाच्या दांड्यावरचा हात काही निघेना. शेवटी प्रेमराज रिक्षावाला कंटाळला.

"बसा ताई. तुम्ही नाही बसलात तर हे मलाच नर्स करतील."

फाटकावरचे लोक बघत होते. रूपा लाजेपोटी बसली. श्रद्धेचं नाव इथे घ्यायला नको.

*

पांझरा नदीचा पूल.

आज शिरलेला जंतू आठवड्यात फोटोत दिसत नाही. हे रूपाला ठाऊक होतं. भीतीला ठाऊक नव्हतं.

आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी असते.

आणि वॉर्डात तिच्याच वयाची एक मुलगी होती, ओढणीत खोकायची. होती.

रूपाने पिशवीतला दवाखान्याचा जाड मास्क लावला, त्यावर रुमाल बांधला. आबा पुढे प्रेमराजशेजारी बसून रस्ता दाखवत होते. उतरून पळावं, असं तिच्या मनात प्रत्येक वळणावर आलं. रिक्षा प्रत्येक वळणावर हळू झाली. ती उतरली नाही, आणि का उतरली नाही हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

*

दार.

आत अंधार, आणि भट्टीसारखी कोंदलेली हवा. अशा खोलीत हा आजार किती जोमाने पसरतो ते रूपा परीक्षेत लिहून आली होती. आबा सवयीने उंबऱ्यावरच थांबले. ते तिथेच झोपत.

"कोन शे?" खाटेवरून आवाज आला. कुणी तरी आत आलंय हे कळताच ताईबाईने तोंड भिंतीकडे वळवलं आणि पदर तोंडात कोंबला. "जाय बहीन. मन्हाजोडे नको येऊ."

रूपा आधी खिडकीकडे गेली. खिडकी उघडेना. तिने दोन्ही हातांनी हिसका दिला, मग पाय भिंतीला लावून दिला. फळी खिळ्यांसकट कडकड करत सुटली आणि उन्हाची झळ आत आली. एरवी शिव्या खाणारी झळ. रूपाने ती खिडकीत तोंड घालून पोटभर घेतली.

मग ती खाटेपाशी आली, उशी सारखी करायला गेली, आणि उशीखाली गोळ्या सापडल्या. ढीगभर. आबा मंडळीत सांगत की गोळ्या पोटात टिकत नाहीत. त्या पोटात गेल्याच नव्हत्या.

ताईबाईने आधी उंबऱ्याकडे पाहिलं. मग आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मी लवकर गई तर हाऊ मानूस वाची."

रूपाने प्रार्थना केली नाही. जे खरं होतं तेवढंच तिच्या तोंडून निघालं.

"अक्का, मला फार भीती वाटतेय. माझे पाय बघा."

ताईबाईने मान वळवली. रूपाचे पाय खरंच लटलट कापत होते.

"मंग कशाले उनी?"

"आबांनी रिक्षा आणली."

ताईबाई हसली. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची ढास झाली, आणि ती खाटेवरून घसरू लागली. रूपाने तिला काखेत हात घालून धरलं. तेवढ्यात ती ओकली, रूपाच्या गळ्यावर, रुमालावर, मास्कवर. ओला मास्क तोंडाला चिकटला. श्वास येईना. सोडलं तर म्हातारी पडते, आणि पडली तर उलटी श्वासनळीत जाते. रूपाने दम धरला. डोळ्यांपुढे काजवे आले. विमानातली खिडकी आली. छातीचा फोटो आला, पांढराफटक. मग एका हाताने ताईबाईला आवळून तिने दुसऱ्या हाताने मास्क ओढून काढला.

आणि श्वास घेतला.

खिडकीतून झळ येत होती. तेवढीच काय ती देवाची कृपा. रूपा मोठ्याने रडत होती आणि ताईबाईचं तोंड पुसत होती, आणि ताईबाई, जिला कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता, तिच्या मनगटाला घट्ट धरून होती.

ऊन उतरल्यावर ताईबाईने गोळ्या घेतल्या. एकेक करून, रूपाकडे बघत. या वेळी पोटात टिकल्या.

*

मंगळवारी फाटकाशी रिक्षा नव्हती. आबांना वाटलं, देवाने एकदा पाठवलं, झालं काम. रूपा वळली असती तर तिचं स्वतःचं घर दोन गल्ल्यांवर होतं. ती प्रेमराजला शोधत स्टँडपर्यंत गेली. पाय कापतच होते. ते पुढे कितीतरी दिवस कापले, दर दुपारी, त्याच दाराशी.

छातीच्या फोटोची तारीख रूपाने चुकवली. परदेशी पाठवणाऱ्या मुंबईच्या एजन्सीतल्या माणसाने फोनवर विचारलं की तुमची जागा दुसऱ्या मुलीला जाईल, चालेल का. चालणार नव्हतं. रूपाने फोन या कानावरून त्या कानाला लावला. हे सगळं तिनेच तिच्या हाताने मिळवलं होतं.

"कारण काय लिहू?" त्याने विचारलं.

"दुसरीकडे पाठवलंय मला," रूपा म्हणाली.

त्या कोंदट खोलीची खिडकी ताईबाईने स्वतः खिळे ठोकून बंद केली होती, फेब्रुवारीत, खिडकीखालच्या शेजारच्या ओट्यावर लेकरं खेळायला येऊ लागली तेव्हा.