चार रिकाम्या पिशव्या

भरत घरत पनवेलच्या एका ट्रस्टची दवाखान्याची गाडी चालवायचा. आठवड्यातून दोनदा डॉक्टर वसुंधरा मॅडमना घेऊन तो नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर जाई. वाडीत पोचलं की औषधांच्या पेट्या उतरवायच्या, टेबल मांडायचं, आणि चारी बाजूंनी ओढली की उघडते ती लोखंडी पायांची, कापडी छताची कॅनोपी उभी करायची, हे सगळं काम त्याचंच.

कॅनोपीबरोबर चार नारिंगी पिशव्या आल्या होत्या. प्रत्येकीत पंधरा किलो रेती भरायची आणि ती पट्ट्यांनी एकेका पायाला बांधायची, म्हणजे वाऱ्याने कॅनोपी उचलली जात नाही. भरलेल्या पिशव्यांना गाडीत जागा नव्हती, त्यामुळे दर वेळी रेती तिथल्याच ओढ्यातून आणावी लागे. पहिलं वर्षभर भरतने ती नेमाने आणली. मग एका शिबिराला कंटाळा केला. काही झालं नाही. मग दुसऱ्यालाही केला. पुढे पुढे पिशव्या उतरवल्या जात, पण भरल्या जात नसत.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिबिर होतं. वाडीतले कातकरी नुकतेच वीटभट्ट्यांवरून परतले होते, त्यामुळे गर्दी बरीच होती. भरतने कॅनोपी उभी केली, पिशव्या एका पायाशी टाकल्या आणि चहा पिऊन रेती आणू असं मनाशी म्हणाला. तेवढ्यात नावं लिहून घ्यायचं काम आलं. मॅडमनी पहिला पेशंट तपासता तपासता विचारलं, वजनं बांधलीत ना? भरत वहीतून मान वर न करता हो म्हणाला.

दुपारी दीडच्या सुमारास वारा सुटला. आधी ओढ्याकडून धूळ आली, मग टेबलावरचे कागद उडाले, आणि कुणी काही धरायच्या आत अख्खी कॅनोपी जमिनीपासून सुटली. ती एकदा हवेत फिरली आणि उलटी होऊन रांगेच्या शेवटाला पडली. तिचा एक पाय काळूच्या कानामागे लागला. काळू साठीचा माणूस. त्याला स्वतःला काही आजार नव्हता. बायकोला, शुक्रीला, ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणून तो सोबत आला होता.

मॅडमनी जखम दाबून धरली आणि भरतने चाळीस मिनिटांत गाडी पनवेलला आणली. मागे शुक्री नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काळू शुद्धीवर आलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती फक्त भरतला ठाऊक होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी पंचनामा व्हायचा होता. त्याच्या तासभर आधी भरत एकटाच वाडीवर गेला. शुक्री आणि तिच्या घरची माणसं हॉस्पिटलात होती, बाकीची कामाला गेलेली. तो ओढ्यात उतरला, चारही पिशव्या रेतीने भरल्या आणि मोडलेल्या कॅनोपीशेजारी आणून टाकल्या. पंचनाम्यात चार भरलेल्या वजनांची नोंद झाली. मॅडमनी आपल्या जबाबात लिहिलं की कॅनोपी नीट बांधलेली होती, पण वाराच भयंकर होता. त्यांनी ते भरतच्या शब्दावर लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.

सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला. ट्रस्टच्या लोकांनी, वाडीतल्या म्हाताऱ्यांनी, अगदी भरतची बायको सुनिता हिनेही. ती त्याला समजावत राहिली की अशा गोष्टी कुणाच्या हातात नसतात. भरत तिचं ऐकून घेई आणि ताटावरून उठून जाई.

पावसात शिबिरं बंद होती. ऑक्टोबरात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा ट्रस्टने नवी कॅनोपी घेतली होती. भरतने वाडीवर पोचल्यावर सगळ्यात आधी ओढा गाठला. पिशव्या भरल्या, पट्टे आवळले, एकेक पाय हलवून पाहिला. मॅडम टेबलाशी बसल्या. पण आत कुणी येईना. बायका लेकरांना घेऊन पलीकडच्या आंब्याखाली उभ्या राहिल्या. मॅडमनी हाका मारल्या, तेव्हा एकीने तिथूनच सांगितलं की गोळ्या इकडे आणून द्या, आम्ही त्या कॅनोपीखाली येत नाही.

त्या बायकांत शुक्री नव्हती. तिच्या गोळ्या संपून महिने झाले असणार, म्हणून मॅडमनी त्या भरतच्या हाती दिल्या आणि तिच्या घरी पोचवायला सांगितलं.

शुक्री दाराशी बसून लाकडं फोडत होती. भरतने गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे धरलं. ते ठेवून निघायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. पण तिने कोयता बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, आणि त्याच्याने तिथून हलवेना. तो खालीच बसला.

"मावशी, त्या दिवशी मी वजनं बांधली नवती," तो म्हणाला. "पिशव्या रिकाम्या व्हत्या. मॅडमला मी खोटं सांगितलं. पंचनाम्याच्या आधी येऊन मीच त्या भरल्या."

शुक्री त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर त्याला राग दिसला नाही, आश्चर्यही दिसलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी त्याच पिशव्यांवर बसले व्हते. भुई तापली व्हती म्हनून माझ्या मालकांनीच घडी करून माझ्याखाली घातल्या."

भरतने विचारलं, मग तू कुणाला बोलली का नाहीस?

"मला इचारलं कोनी? समदे वाराच म्हनत व्हते." तिने पाकीट कमरेला खोचलं. "मंग मी म्हनलं, त्या डायवरला तर ठावं हाय. तो सांगतो का बघू. पाच महिनं बघितलं."

भरत रडू लागला. तिने त्याला गप्प केलं नाही की तिथून जायलाही सांगितलं नाही. लाकडं उचलून आत रचली आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझ्याम्होरं रडून काय व्हनार? चल. तुझ्या मॅडमला सांग. मी हाय तिथं सांग."

दोघं वाडीतून खाली आले, ती पुढे आणि तो मागे. आंब्याखालच्या बायका बोलायच्या थांबल्या. भरतने मॅडमसमोर उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. काही लपवलं नाही, रेती कधी आणली तेही सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी त्या जबाबाखाली सही केली होती," त्या म्हणाल्या. मग शुक्रीकडे वळल्या. "मी उठून बघायला हवं होतं. चार पावलांवर होतं."

शुक्रीने मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की नाही, हे भरतला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि भरत दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन नवे जबाब दिले. भरतवर गुन्हा दाखल झाला. त्याला जामीन मिळाला, पण ट्रस्टने कामावरून काढलं. पनवेलच्या कोर्टात अजून तारखा पडतात. सुनिता दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि तो जेवून उठेपर्यंत तिथेच बसून राहिली. पळस्प्याला एका टायरच्या दुकानात त्याला काम लागलं.

त्या दिवाळीच्या आधी वाडीवर शेवटचं शिबिर होतं. नंतर माणसं भट्ट्यांवर जाणार होती. भरतने दुकानातून सुट्टी घेतली, मॅडमना फोन करून विचारलं आणि मोटरसायकलने तिथे गेला. नव्या ड्रायव्हरने कॅनोपी उभी केली होती. पिशव्या मागून घेऊन भरत ओढ्यात उतरला आणि एकेक भरून खांद्यावरून वर आणू लागला.

चौथी बांधून झाली तेव्हा शुक्री आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. एका पायापाशी वाकून दोन्ही हातांनी पिशवी उचलून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीपाशी ती थांबली.

"ही हलकी हाय," ती म्हणाली.

भरतने पट्टा सोडला, पिशवी घेऊन पुन्हा ओढ्यात गेला आणि काठोकाठ भरून आणून बांधली. तिने ती परत उचलून पाहिली, मग चौथी, आणि आंब्याकडे हात केला. बायका एकामागून एक येऊन आत बसल्या.

शुक्री मात्र आत आली नाही. ती उन्हात एका दगडावर टेकली. तिची पाळी आली तेव्हा मॅडम ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन तिच्याकडे गेल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. दंडाला पट्टा गुंडाळताना त्यांनी विचारलं, यंदा भट्टीवर कुणाबरोबर जाणार? तिथे काम नवरा-बायकोच्या जोडीला देतात.

"भावाच्या जोडीत तिसरी म्हनून घेनार हायेत," शुक्री म्हणाली. "चिखल मळायला."

मशीनवर आकडे चढत होते. मॅडमनी तिचा हात आपल्या गुडघ्यावर धरून ठेवला होता. वारा अगदी थोडा होता. भरत शेवटच्या पायाशी बसून होता, आणि शिबिर उठेपर्यंत तो तिथून हलला नाही.